‘सेट’ला मराठीत नक्की काय म्हणायचं?

ओळीआड (प्रश्न)

एका ओव्हनची माहितीपुस्तिका, तिच्यासोबतची पाककृतींची वही आणि मोबाइल अ‍ॅप असं तिन्ही मराठीत करायचं आहे. बाकीची शब्दावली ठरली, गाडी ‘सेट’वर अडली आहे. एकाच मजकुरात तो शब्द असा येतो :

सेट द ओव्हन ऑन अ लेव्हल सरफेस. सेट द टायमर. अ सेट ऑफ थ्री ट्रेज. लेट द कस्टर्ड सेट. सेट असाइड फॉर टेन मिनिट्स. अ‍ॅपमध्ये एका बटणावर नुसतंच ‘सेट’ आणि एका ठिकाणी ‘नॉट सेट’.

काम देणाऱ्यांचा आग्रह आहे की एका इंग्रजी शब्दाला सगळीकडे एकच मराठी शब्द असावा. हे ‘सेट’च्या बाबतीत शक्य आहे का? नसेल तर त्यांना कारण काय सांगायचं? आणि सगळीकडे ‘सेट करा’ लिहून मोकळं झालं तर काय बिघडेल?

---

धातुरूप

शक्य नाही, आणि कारण सांगायला सोपं आहे : हा एक शब्द नाहीच. निदान दोन आहेत, ते एकाच स्पेलिंगखाली येऊन बसलेत.

पहिला क्रियापदाचा. जुन्या इंग्रजीत ‘सिट’ म्हणजे बसणे आणि त्याचं प्रयोजक रूप ‘सेट’, म्हणजे बसवणे. लाय–ले, फॉल–फेल, राइझ–रेझ या जोड्या त्याच साच्यातल्या. मूळ धातूतला स्वर बदलून ‘करवणे’ हा अर्थ आणायचा. आपल्याकडे पडणे–पाडणे, मरणे–मारणे, चरणे–चारणे हेच करतात.

दुसरा नामाचा, ‘एकत्र असलेल्या वस्तू किंवा माणसं’ या अर्थाचा. तो जुन्या फ्रेंचमधून आला, त्याच्या मागे लॅटिन ‘सेक्टा’, म्हणजे अनुयायांचा गट. ‘सेक्ट’ म्हणजे पंथ, हा त्याचाच सख्खा भाऊ. दिसायला क्रियापदासारखाच असल्यामुळे पुढे दोघांचे अर्थ एकमेकांत मिसळले. तीन ट्रेंचा सेट हा या दुसऱ्या घरचा, टायमर सेट करणं पहिल्या घरचं. काम देणाऱ्यांना एवढं सांगितलं तरी पुरे.

पहिल्या घराची मुळं आपल्याही अंगणात आहेत. सिट, सेट, सीट आणि संस्कृत सद् हे एकाच मूळ धातूचे. संसद, परिषद, सभासद, उपनिषद यांत तोच आहे. नीड म्हणजे घरटं, आणि इंग्रजी ‘नेस्ट’, हे दोन्ही ‘खाली बसायची जागा’ या एकाच जुन्या शब्दातून निघालेत. आपलं ‘बसणे’ मात्र त्यातलं नव्हे. ते उप + विश् वरून, ‘बैसणे’ या जुन्या रूपातून आलं.

आकड्यांचं म्हणाल तर ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या वीस खंडी आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ आहेत आणि नोंद साधारण साठ हजार शब्दांची. त्या आवृत्तीतली ती सगळ्यांत लांब नोंद. पुढे तिसऱ्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ने तिला मागे टाकलं, क्रियापदाचेच ६४५ अर्थ. पण या आकड्यांनी दबून जाऊ नका. कोशकार ‘सूर्य सेट होतो’, ‘सिमेंट सेट होतं’, ‘घड्याळ सेट करतो’ हे वेगवेगळे मोजतो, कारण त्याला ते मोजावेच लागतात. बोलणाऱ्याच्या डोक्यात तिथे एकच कल्पना असते : वस्तू हलायची थांबली, जागेवर बसली.

---

विरजण

धातुरूप यांच्या म्हणण्याला जोडून. इंग्रजी लोक ४३० अर्थ मिरवतात, आपण ‘लागणे–लावणे’ रोज वापरतो आणि त्याचं कौतुक करत नाही. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, पाऊस लागतो, डोळा लागतो, आमटी खाली लागते. ‘गाडी लागली’ याचे दोन अर्थ : फलाटाला लागली किंवा प्रवासात पोट ढवळलं. ‘लग्न लागलं’ ही तर गंमतच, कारण लग्न हे लग् धातूचंच भूतकालवाचक धातुसाधित. म्हणजे ‘लागलेलं लागलं’.

आणि बघा, ‘सेट’ची निम्मी कामं आपल्याकडे ‘लावणे’ करतं : गजर लावा, घड्याळ लावा, सापळा लावा, आग लावली, कवितेला चाल लावली. बाकीची वाटून दिलीत. हाड बसवतात, खडा कोंदणात बसवतात, पानं मांडतात, परीक्षेचा पेपर काढतात, तारीख ठरवतात, पायंडा पाडतात. इंग्रजीत या सगळ्यांना ‘सेट’ चालतो. मराठीत पेपर ‘लावला’ तर शिपायाने भिंतीवर डकवला असं वाटेल.

तुमच्या ‘लेट द कस्टर्ड सेट’चं आता. पातळ पदार्थ घट्ट होतो तेव्हा मराठी एका शब्दावर भागवतच नाही, तो कसा घट्ट झाला ते विचारते :

दूध विरजण लावून घट्ट झालं तर दही लागलं. तूप किंवा खोबरेल गारठ्याने घट्ट झालं तर थिजलं (खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजतं). पाणी आटून घट्ट झालं तर आळलं : रस आळतो, पिठलं आळतं. पाणी गोठतं. रक्त साकळतं किंवा गोठतं. वडी ‘पडते’. चुना, सिमेंट, प्लास्टर धरतं.

म्हणून दह्याच्या कृतीत ‘दही सेट होऊ द्या’ लिहू नका, ‘दही लागू द्या’ लिहा. तिथे तापमानही द्या : दूध ४० ते ४५ अंश, म्हणजे बोट घातलं तर गरम लागावं पण पोळू नये. अर्ध्या लिटरला एक चमचा विरजण, सहा ते आठ तास, भांडं न हलवता. ओव्हनमध्ये ठेवायचं असेल तर ५० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. विरजणातले जिवाणू मरतात आणि सकाळी कोमट दूधच हाती येतं.

कस्टर्ड वेगळं. अंड्याचं असेल तर उष्णतेने अंड्यातली प्रथिनं धरतात, म्हणून ‘धरू द्या’ किंवा साधं ‘घट्ट होऊ द्या’. ओळखायची खूण पुस्तिकेत जरूर लिहा : कडा धरल्या आणि मधला वाटीएवढा भाग भांडं हलवल्यावर थरथरला की बाहेर काढा, उरलेलं स्वतःच्या उष्णतेवर होतं. मधलाही भाग घट्ट होईपर्यंत ठेवलं तर ते फाटतं आणि पाणी सुटतं. कॉर्नफ्लॉवरचं कस्टर्ड उकळी येऊन दाट होतं आणि गार झाल्यावर आणखी घट्ट होतं. चायना ग्रासचं मिश्रण मात्र फ्रीजबाहेरही, चाळीसएक अंशांच्या खाली आलं की धरायला लागतं, आणि एकदा धरलं की पुन्हा वितळायला ८५ अंशांच्या आसपास जावं लागतं. ते गाळायचं, ओतायचं असेल तर गरम असतानाच, असं कृतीत आधीच सांगायला हवं.

---

गिलावा

सिमेंटबद्दल एक दुरुस्ती नाही, पुरवणी. ‘धरणे’ आणि ‘पक्कं होणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भाषांतरात त्यांची गल्लत झाली की बांधकामात नुकसान होतं. सेटिंग म्हणजे लगदा आपला लवचीकपणा सोडतो ती वेळ. हार्डनिंग म्हणजे त्यानंतर दिवसेंदिवस ताकद वाढत जाणं. भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलंड सिमेंटचा प्रारंभिक सेटिंग काळ ३० मिनिटांपेक्षा कमी नसावा आणि अंतिम ६०० मिनिटांपेक्षा जास्त नसावा. हे विकॅट उपकरणाच्या सुईने मोजतात. सिमेंट दळताना जिप्सम घालतात तेही यासाठीच. नाहीतर पाणी पडताच मिनिटांत धरेल.

आता चूक कुठे होते? ‘सेट झालं की काम झालं’ असं लिहिलं की वाचणारा दुसऱ्या दिवशी पाणी मारणं थांबवतो. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस, राखमिश्रित सिमेंटला किंवा कडक उन्हात किमान १० दिवस ओलं ठेवायलाच हवं. आणि धरू लागलेला माल पुन्हा पाणी घालून कालवू नये, हे वाक्य तर ठळक अक्षरांत. तो हाताला मऊ लागतो, पण ताकद गेलेली असते.

हत्यारांमध्येही हा शब्द आहे. करवतीच्या दातांचा ‘सेट’ म्हणजे दात आळीपाळीने डावी-उजवीकडे थोडे वाकवणे, म्हणजे चीर पात्याच्या जाडीपेक्षा रुंद पडते आणि पातं अडकत नाही. चिरेची रुंदी पात्याच्या जाडीच्या दीडपटीच्या आतच असावी, जास्त वाकवले की चीर ओबडधोबड येते आणि मेहनत वाया. इथे ‘संच’ लिहिलेलं छापील पुस्तकात आढळतं. करवतीच्या दातांचा संच. वाचणारा नवे दात विकत मिळतात का शोधायला जाईल! ‘दातांना बाक देणे’ असं साधं लिहा.

कंपासपेटीतल्या ‘सेट स्क्वेअर’ला तर शोधाशोध करायची गरजच नाही, तो गुण्या.

---

तारीख_पे

‘सेट असाइड’ पाककृतीत ‘बाजूला ठेवा’, तिथे वाद नाही. पण ही नोंद शब्दावलीत तशीच शिरली आणि उद्या दुसऱ्या कामात वापरली गेली तर अनर्थ होईल, म्हणून लिहितो.

‘वरिष्ठ न्यायालयाने खालच्या न्यायालयाचा आदेश बाजूला ठेवला’ असं बातम्यांत दिसतं. मराठी वाचकाला याचा अर्थ ‘तूर्त विचार नाही, नंतर बघू’ असा लागतो. खरा अर्थ उलट आहे : आदेश रद्द झाला, रद्दबातल ठरला, संपला. तूर्त थांबवण्याला स्थगिती म्हणतात आणि तो निराळा आदेश. एकतर्फी हुकूमनामा ‘सेट असाइड’ करून घेण्याचा अर्ज म्हणजे तो रद्द करण्याचा अर्ज. मुदत ३० दिवसांची. ‘बाजूला ठेवला’ वाचून पक्षकार निवांत बसला तर मुदत हातची जाईल. अर्थसंकल्पात ‘निधी सेट असाइड केला’ असेल तेव्हा मात्र ‘राखून ठेवला’. म्हणजे एकच शब्दप्रयोग स्वयंपाकघरात बाजूला ठेवतो, कोर्टात रद्द करतो आणि तिजोरीत राखून ठेवतो.

‘सेट ऑफ’ असाच. रस्त्यावर ‘निघणे’, फटाक्याच्या बाबतीत ‘उडवणे’, भोंग्याच्या बाबतीत ‘वाजायला लावणे’. कायद्यात आणि हिशेबात ‘वजावट’. दिवाणी दाव्यात प्रतिवादी आपलं येणं वादीच्या मागणीतून वजा करून मागतो, तो सेट ऑफ. फौजदारीत दोषी ठरण्याआधी तुरुंगात काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, तोही सेट ऑफ : पूर्वी दंड प्रक्रिया संहितेचं कलम ४२८, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४६८. आयकरात एका ठिकाणचा तोटा दुसरीकडच्या नफ्यातून वजा करणे. इथे ‘भरपाई’ लिहितात ते चूक, कारण कोणी कोणाला काही देत नाही. दीर्घ मुदतीचा भांडवली तोटा फक्त दीर्घ मुदतीच्याच नफ्यातून वजा होतो, असं वाक्य ‘भरपाई’ घालून वाचून बघा, काही बोध होत नाही.

---

बांधावरून

शेतीतले तीन ‘सेट’ सांगतो, तिन्ही मराठीत वेगळे.

उसाचा ‘सेट’ (स्पेलिंगमध्ये दोन टी) म्हणजे टिपरी. दोन डोळ्यांची टिपरी एकरी साधारण १० ते १२ हजार लागतात. ‘बेणे’ हा शब्दही चालतो, पण बेणे म्हणजे लागणीचं सगळं सामान, टिपरी म्हणजे एकेक तुकडा. मोजायचं असेल तिथे टिपरीच लिहा.

कांद्याचे ‘सेट्स’ म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत दाट पेरून मुद्दाम बारीक ठेवलेले, दीड ते दोन सेंटिमीटरचे कांदे. ते साठवून खरिपात लावतात. याला ‘संच’ म्हटलेलं एका भाषांतरात वाचलं आणि हसावं की रडावं कळेना.

तिसरा ‘फ्रूट सेट’. सरकारी पत्रकात फळधारणा, बांधावर सरळ ‘सेटिंग’. डाळिंबाची सेटिंग, द्राक्षाची मणी सेटिंग. हा शब्द आता मराठीच झालाय, शेतकऱ्यासाठी लिहिताना तो काढू नका, फार तर पहिल्यांदा ‘फळधारणा (सेटिंग)’ लिहा. डाळिंबात घंटेच्या आकाराची नर फुलं गळतातच. ती खाली पडली म्हणजे सेटिंग बिघडली असं नव्हे. बुडाशी फुगीर, सुरईसारखी फुलं गळायला लागली तर पाणी, ऊन आणि मधमाश्या यांचा विचार करायचा.

---

ओळीआड

धन्यवाद, हे सगळं काम देणाऱ्यांना दाखवतो. नाम असेल तिथे सरसकट ‘संच’ धरू का? आणि अ‍ॅपचं काय?

---

ड्रिपरूम

सरसकट नको. टीव्ही संच, ट्रेचा संच, गणितातला संच ठीक. नाटकाचा सेट म्हणजे नेपथ्य, व्यायामाचा आणि टेनिसचा सेट तो सेटच. दवाखान्यात ‘आयव्ही सेट’ला (सलाइन चढवायच्या नळीला) संच म्हटलं तर परिचारिका थांबून विचारेल. तो शब्द तसाच ठेवा, त्याऐवजी आकडे नीट द्या. साध्या सेटला मिलिलिटरला बहुधा २० थेंब, मायक्रोला ६०, पाकिटावर छापलेलं असतं. ५०० मिलि ४ तासांत द्यायचं तर पहिल्यात मिनिटाला सुमारे ४२ थेंब, दुसऱ्यात १२५. ‘सेट’ कोणता ते न बघता थेंब मोजले तर तिप्पट फरक पडतो.

गणिताची एक तिरकी आठवण : संचात तोच घटक दोनदा मोजत नाहीत. त्या हिशेबाने सहा सारख्या वाट्यांचा सेट हा गणितात एकाच वाटीचा. दुकानदाराला सांगू नका.

---

शून्यओळ

अ‍ॅपचं माझ्याकडून.

नुसतं ‘सेट’ असलेलं बटण स्क्रीन पाहिल्याशिवाय भाषांतरित करू नका. ते कशावर दाबायचं आहे ते विचारा. टायमरवर असेल तर ‘लावा’, तापमानावर असेल तर ‘ठरवा’, पासवर्डवर असेल तर ‘ठेवा’. तेच बटण तिन्हीकडे वापरलं असेल (बहुधा असतंच) तर विकासकांना तीन वेगळ्या नोंदी करायला सांगा. त्यांनी नकार दिला तर ‘सेट करा’. मोबाइल वापरणाऱ्याला ते समजतं. ‘सेटिंग्ज’ही तसंच राहू द्या, ‘मांडणी’ वगैरे करायला जाऊ नका, लोक शोधत बसतील.

दुसरा सापळा काळाचा. ‘सेट’चं भूतकाळी रूपही ‘सेट’. ‘सेट अलार्म’ म्हणजे गजर लावा. ‘अलार्म सेट’ म्हणजे गजर लावला. पहिली आज्ञा, दुसरी बातमी. कोष्टकात दोन्ही ओळी एकाखाली एक आल्या की दोन्हींना ‘लावा’ लिहिलं जातं, आणि गजर लावून झाल्यावरही फोन ‘गजर लावा’ म्हणत राहतो.

तिसरा ‘नॉट सेट’. इंग्रजीत एकच ओळ सगळ्या रकान्यांना पुरते, मराठीत लिंग आडवं येतं : टायमर लावलेला नाही, वेळ ठरवलेली नाही, तापमान ठरवलेलं नाही. एकच ओळ सगळीकडे जाणार असेल तर लिंगाच्या भानगडीत न पडणारं काही घ्या. ‘निवड बाकी’ चालतं, सगळ्या रकान्यांत बसतं आणि छोटंही आहे.

‘रीसेट’चेही तुकडे करा. टायमर रीसेट म्हणजे ‘पुन्हा शून्यावर’. पासवर्ड रीसेट म्हणजे ‘नवा पासवर्ड ठेवा’. फॅक्टरी रीसेट म्हणजे ‘सगळं पुसून मूळ स्थितीत आणा’, आणि इथे ‘पुसून’ हा शब्द गाळू नका. ‘रीसेट करा’ वाचून माणूस टायमर शून्यावर येईल या समजुतीने दाबतो आणि साठवलेल्या पाककृती जातात.

---

विरजण

आणि पुस्तिकेच्या पहिल्याच ओळीत ‘ओव्हन सपाट जागेवर सेट करा’ नको. ‘सपाट, न डगमगणाऱ्या जागी ठेवा’. ‘सेट करा’ वाचून काहीजण तापमानाची बटणं फिरवायला घेतील, प्लग लावायच्या आधीच.

---

ओळीआड

मग असं ठरवतो : ठेवा, लावा, संच, धरू द्या, बाजूला ठेवा, आणि बटणाच्या तीन वेगळ्या नोंदी मागवतो. दह्याच्या पानावर ‘लागू द्या’. शब्दावलीत ‘सेट’पुढे एक प्रतिशब्द न देता ‘काय सेट होतंय ते पाहा’ एवढीच टीप टाकली आहे.